बहिणीच्या पायांचा नवस

नवस बोलताना लामदुआनने एक चूक केली. नाचायला तिने थोरल्या बहिणीचं नाव घातलं, आणि बहिणीला विचारलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला, लष्करभरतीच्या आदल्या दिवशी, ती एकटीच खाओ लुआंगच्या गुहेत गेली होती. भरतीच्या दिवशी एकवीस वर्षांची पोरं रांगेत उभी राहतात आणि पेटीत हात घालतात. लाल चिठ्ठी निघाली तर बराकीत, काळी निघाली तर घरी. त्या आठवड्यात फेत्चबुरीतल्या साऱ्या आया नवस बोलत हिंडतात. लामदुआननेही राजवाड्याच्या टेकडीवरच्या देवळीला उकडलेली अंडी कबूल केली होती. पण गुहेतल्या मोठ्या बुद्धमूर्तीसमोर, जिला सगळे लुआंग फॉ, म्हणजे बाबा म्हणतात, हात जोडून बसल्यावर तिला अंडी फार किरकोळ वाटली. एकुलता एक मुलगा, आणि अंडी?

"तोंगला काळी निघू दे, लुआंग फॉ," ती म्हणाली. "मी आणि फी चुआन, म्हणजे माझी थोरली बहीण, तुमच्यासमोर नाचू. या उजेडात."

गुहेच्या छताला मोठं भगदाड आहे. त्यातून ऊन थेट खाली उतरतं आणि दुपारपर्यंत गुहेत सरकत राहतं.

तोंगने काळी चिठ्ठी काढली. मंडपात लामदुआन इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारची लाल चिठ्ठीवाल्याची आईसुद्धा रडता रडता हसली. आणि तिसऱ्याच दिवशी केंग क्राचानच्या जंगलातून तोंगला बोलावणं आलं. त्याने गुपचूप वनरक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, आणि त्याची निवड झाली होती.

"नवस फिटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही," लामदुआन म्हणाली.

"मग फेडू की, मे," तोंग आईला म्हणाला. "कधी फेडायचा?"

तेव्हापासून ते कधी काही येईना. आधी चुआनचा गुडघा दुखत होता. मग सोंगक्रानच्या सणाची गर्दी. मग ढग. नवस सांगताना त्यात थोडी भरही पडली होती: ऊन लुआंग फॉंच्या मांडीवर असेल तेव्हाच नाचायचं, असं आता सारं घर धरून चाललं होतं. ही भर नेमकी कधी पडली, ते लामदुआनला स्वतःलाही सांगता आलं नसतं. जंगलाच्या कचेरीने शेवटी कळवलं, उद्या सकाळी हजर झाला नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल.

म्हणून आज चुआन आली होती. चा-आमच्या किनाऱ्यावर तिची खाणावळ होती. पहाटेच्या गाडीने ती बान लातला, बहिणीच्या गावी, उतरली, ती कुरकुरतच.

"मुलगा तुझा, चिठ्ठी त्याची, लुआंग फॉ तुझे," ती पिकअपमध्ये चढताना म्हणाली, "आणि पाय माझे?"

"वेळ कुठे होता विचारायला, फी?"

"फोन नावाची एक वस्तू असते, दुआन. आणि चार पैसे टाकून नाचाची मंडळी आणली असती तर काय बिघडलं असतं? आपली आई जन्मभर दुसऱ्यांचे नवस नाचून फेडत आली. तिच्या पोटी जन्मून तुला एवढं कळू नये?"

"तुझं नाव घातलंय ना. आता मंडळी कशी चालेल?"

"माझं नाव. चौसष्ट वर्षांची बाई मी. गुडघ्यात पाणी. आणि त्यात माकडं!"

माकडांची गोष्ट खरी होती. दोघी लहान असताना, राजवाड्याच्या टेकडीवरच्या जत्रेत, आईच्या मंडळीत राजकन्या होऊन नाचणाऱ्या चुआनच्या डोक्यावरचा मुकुट एका माकडाने ऐन नाचात ओढून नेला होता. केसांसकट. तेव्हापासून चुआन त्या टेकडीवर चढली नव्हती. आज तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात आईचा तोच जुना मुकुट, आणि हातात बेचकी.

"पा चुआन, बेचकी नुसती दाखवायची असते," तोंग गाडी चालवताना मावशीला म्हणाला. "मारावी लागत नाही."

"मी दाखवेन आणि मारेनही."

अंडी आधी द्यायची, हे लामदुआनने ठरवलं होतं. टेकडी वाटेवरच होती, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रुळांवरच्या डब्यातून तिघं वर गेली. जुन्या चाफ्यांच्या उघड्या फांद्यांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ होते आणि विटांच्या वाटेवर ऊन आतापासूनच तापू लागलं होतं. देवळीसमोर लामदुआनने अंड्यांचं पातेलं ठेवलं, उदबत्ती लावली आणि ती बसली. उदबत्ती जळून जाईपर्यंत थांबायचं असतं. त्यानंतर देवाचा उष्टा प्रसाद म्हणून अंडी उचलायची.

चुआनने उदबत्तीकडे पाहिलं. "ही काडी कुठून आणलीस? करंगळीएवढी जाड आहे."

"बाजारात हीच होती."

"हिच्यात आपलं जेवण होईल."

तोंगने आकाशाकडे पाहिलं. सूर्य चाफ्याच्या फांदीवर आला होता. तो पाहतोय हे लामदुआनला दिसलं, आणि तिने मान वळवून उदबत्तीच्या राखेकडे बघायला सुरुवात केली. राख लांबच लांब, वाकलेली, पडत नव्हती.

ती पडली तेव्हा चुआन उठली. लामदुआन म्हणाली, "इतकी वर आलीस तर राजवाडा तरी बघून जा, फी."

"मी?"

"पुन्हा कधी येणार आहेस तू इथे?"

हा मुद्दा बिनतोड होता. चुआनची विजार गुडघ्यापर्यंतच होती, म्हणून दारातल्या बाईने तिला नेसायला लुंगीसारखं कापड दिलं. ते पोटावर पुरेना. दोघींनी मिळून ते खोचलं, आणि त्यातही बराच वेळ गेला. आत लामदुआन प्रत्येक वस्तूपुढे थांबली. राजाचा पलंग, परदेशातून आलेली बशी, आरसा, तसलीच दुसरी बशी. एरवी घरातल्या फुटक्या बशीत मांजराला भात घालणारी ही बाई आज चिनीमातीच्या निळ्या नक्षीपुढे देवापुढे उभं राहावं तशी उभी होती.

"तुला बश्या कधीपासून आवडायला लागल्या?" चुआनने विचारलं.

"जुन्या आहेत."

"मीही जुनीच आहे. माझ्याकडे बघ, म्हणजे गुहेत जाऊ."

तोंग तेवढ्यात मनोऱ्यावर जाऊन पोचला होता. एका राजाने तारे पाहायला बांधलेला तो पांढरा, काचेच्या घुमटाचा मनोरा. तिथून एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला, पश्चिमेला, निळ्या डोंगरांच्या रांगा. लामदुआन धापा टाकत चढली. तोंग समुद्राकडे पाठ करून उभा होता.

"ते बघ, मे. दुसऱ्या रांगेच्या पलीकडे."

"काय आहे तिथे?"

"मी." तो हसला. "म्हणजे उद्यापासून. पावसाआधी तिथल्या ओढ्यांवर फुलपाखरं उतरतात, ओल्या वाळूतलं मीठ प्यायला. पाय ठेवायला जागा नसते. साहेब म्हणाले, नव्या माणसाने आधी नुसतं बघत बसायचं."

बापाच्या मागे तोंग सोळाव्या वर्षापासून ताड चढत होता. कंबरेला बांबूच्या नळ्या, वर शेंड्यापाशी रस, खाली लामदुआनची कढई. गुळाला रंग चढेपर्यंत मायलेक फारसं बोलत नसत, तरी त्या न बोलण्यात सकाळ कशी भरून जायची. या हंगामापासून ताडांवर शेजारचा बुनरुआन चढणार होता. त्याची सोय तोंगनेच लावून दिली होती. म्हणजे अडायचं असं काहीच उरलेलं नव्हतं. तोंग डोंगरांकडे बघत होता, आणि त्याचा असा चेहरा लामदुआनने यापूर्वी एकदाच पाहिला होता. काळी चिठ्ठी उघडली तेव्हा. तो बराक चुकल्याचा आनंद, असं तिला वाटलं होतं.

खालून चुआनची किंकाळी आली, आणि दोघं धावत खाली उतरली.

चुआन पायऱ्यांवर उभी होती, हात रिकामे. आठ पावलांवर राजवाड्याच्या भिंतीवर एक जाडजूड माकड मांडी घालून बसलं होतं. त्याच्या पुढ्यात मुकुटाची पिशवी.

"बेचकी!" तोंग ओरडला.

"बेचकी पिशवीतच आहे!"

माकडाने बेचकी काढून पाहिली, तिचा काही उपयोग दिसला नाही म्हणून टाकून दिली, आणि मुकुट बाहेर काढला. सोनेरी वर्खाचं टोक चाटून पाहिलं. तोंगने चपला काढल्या आणि तो भिंतीच्या खाचा चाचपू लागला. माकड दोन हात सरकलं. ताड तरी जागेवर उभा असतो, हा ताड चालता होता.

लामदुआन हलली नाही. मुकुट नाही तर नाच नाही, एवढंच तिच्या मनात आलं. आणि त्यासोबत एक हलकंसं, लाजिरवाणं, गार वारं.

मग चुआनने दोन्ही मुठी कंबरेवर ठेवल्या. तिने गुडघे बाहेर फाकले, छाती फुगवली आणि आईच्या मंडळीतल्या राक्षसाच्या आवाजात, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं, माकडाला विचारलं, "कोण रे तू? कुळ सांग! बाप सांग! पन्नास वर्षांपूर्वी तुझ्या आजोबाने माझे केस उपटले, आज तू माझ्या आईच्या मुकुटाला जीभ लावतोस?"

माकड थक्क झालं. राक्षस त्याने कधी पाहिला नसावा. तेवढ्यात चुआनने खांद्यावरच्या थैलीतून खनोम मो केंगचा डबा काढला. अंडी आणि ताडगुळाची ती भाजलेली वडी तिने खास चा-आमच्या शेजारणींसाठी घेतली होती. तिने झाकण उघडून वास सुटू दिला आणि डबा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. माकडाने डब्याकडे पाहिलं. मुकुटाकडे पाहिलं. मग मुकुट सोडून ते डब्याकडे गेलं, आणि भिंतीवरून घरंगळलेला मुकुट तोंगने वरचेवर झेलला.

"सगळा डबा गेला," चुआन म्हणाली. तिला हसू येत होतं. "पण बघितलंत? माझ्या गुडघ्यांनी राक्षस केला. अजून येतो मला!"

तोंग गाडी दारापाशी आणायला पुढे गेला. त्याची पाठ वळताच चुआनचं हसू गेलं.

"दुआन, तू हसत होतीस."

"तुझा राक्षस बघून कोण नाही हसणार?"

"त्याच्या आधी. मुकुट गेला तेव्हा. मी माकडाकडे नव्हते बघत, माकडाला घाबरते मी. मी तुझ्याकडे बघत होते."

लामदुआनने पातेल्यातली अंडी नीट लावायला घेतली. ती आधीच नीट होती.

"जाड उदबत्ती," चुआन म्हणाली. "बश्या. आणि माझा गुडघा दुखतो हे तूच त्याला चार वेळा सांगितलंस. मी एकदाही नाही. तुला नवस फेडायचा नाहीये. फिटला की तो जाणार."

"काहीतरीच बोलू नकोस, फी."

"बरं. नाही बोलत. तुझा नवस, तुझे लुआंग फॉ. मी म्हणजे नुसते भाड्याचे पाय."

गुहेच्या पायऱ्या उतरताना बाहेरचा उन्हाळा पाठीमागे राहिला आणि दगडांचा गारवा चढत आला. चुआन प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत होती. खाली मोठी मूर्ती बसलेली होती, तिच्या दोन्ही बाजूंना लहानमोठ्या मूर्तींच्या रांगा, आणि वरच्या भगदाडातून उतरलेला उन्हाचा जाड खांब, त्यात उदबत्त्यांचा धूर तरंगत होता. खांब लुआंग फॉंच्या मांडीवर नव्हता. तो केव्हाच खाली उतरला होता आणि मूर्तीपासून बराच दूर, मोकळ्या फरशीवर, चटईएवढा पसरला होता.

"मांडीवरचं ऊन गेलं," झाडू मारणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले. "जरा आधी यायचं. आता उद्या."

छतातून पाण्याचा एक थेंब पडला. तोंगने मुकुटाची पिशवी फरशीवर ठेवली, काळजीने, कड मोडणार नाही अशी.

"असू दे, मे," तो म्हणाला. "नवस तर नीटच फिटला पाहिजे. मी कचेरीत फोन करून सांगतो." त्याने फोन काढून पाहिला. "इथे लागत नाही. वर जाऊन येतो."

आणि तो पायऱ्या चढू लागला. धुसफुस नाही, पाय आपटणं नाही. तो ताडावर चढायचा तसाच, एका लयीत. लामदुआनला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर तिला रडता आलं असतं, आपला हट्ट मिरवता आला असता. पण तो नुसता चढत होता आणि तिला त्याच्या पायांचे तळवे दिसत होते, सालींनी घट्टे पडलेले.

नवसाचे नेमके शब्द दोघांनाच ठाऊक होते. एक ती, आणि दुसरे समोर बसलेले, मिटल्या ओठांनी तिच्याकडे बघणारे लुआंग फॉ.

"तोंग," ती म्हणाली. मग मोठ्याने, "तोंग! फोन ठेव!"

तो वळला.

"मांडीचं मी बोलले नव्हते. मी 'उजेडात' म्हणाले होते. नुसतं उजेडात." तिने फरशीवरच्या उन्हाकडे बोट केलं. "तो काय उजेड. मांडी मी घरी येऊन घातली."

मग चुआन हसायला लागली. गुहेने ते हसू घेतलं, भिंतींवर फिरवलं आणि चौपट करून परत दिलं, इतकं की झाडूवाले गृहस्थही कानावर हात ठेवून हसू लागले.

"लुआंग फॉंच्या तोंडी वाढीव अट!" चुआन डोळे पुसत म्हणाली. "अगं, नरकात जाशील."

"आधी नाचू दे. मग जाईन."

तोंग पायऱ्या उतरून आला. त्याने आईकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. मग खाली बसून, तिने बरोबर आणलेलं अंड्यांचं पातेलं रिकामं केलं, उलटं घातलं आणि बोटांनी त्यावर वाजवून पाहिलं. "आजीचा ठेका हा ना?"

"थोडा सावकाश," चुआन म्हणाली. "गुडघ्याचा मान ठेव."

तिने मुकुट उचलला, आणि स्वतःच्या डोक्यावर घालण्याऐवजी लामदुआनच्या डोक्यावर ठेवला. "राजकन्या तू. मी राक्षस. आज मला जमतोय तो."

दोघी उन्हात उभ्या राहिल्या, मूर्तीला हात जोडले, आणि आईची सुरुवातीची हाळी गायल्या. चुआनचा आवाज फाटला होता, लामदुआनचा कधी लागतच नव्हता. पण बोटं आपोआप मागे वळली, मनगटं फिरली. ज्या हातांनी वर्षानुवर्षं गुळाची कढई ढवळली होती, त्यांना राजकन्येचं फूल तोडणं अजून आठवत होतं. राक्षस लंगडत आला. राजकन्या घाबरली आणि तिला हसू आवरेना.

नाच लांब होता आणि ऊन काही थांबत नव्हतं. ते त्यांच्या पायांखालून हळूहळू सरकत होतं. मध्येच तोंग ओरडला, "मे, डावीकडे! सावलीत गेलीस!" मग दोघी नाचता नाचताच डावीकडे सरकल्या. पुन्हा ऊन निघालं, पुन्हा सरकल्या. शेवटी उन्हाचा तुकडा भिंतीजवळच्या एका छोट्या, नाक झिजलेल्या मूर्तीच्या पायांशी पोचला. त्या मूर्तीपुढे कोणी कधी फूलही ठेवत नसावं. तिथे नाच संपला. चुआन खाली बसली ती बसलीच.

"आता मला उचलायला मंडळी बोलवा," ती म्हणाली.

लामदुआनने डोकं टेकलं. मोठ्या मूर्तीला, मग त्या छोट्या मूर्तीलाही. मनात काय होतं ते तिने शब्दांत घातलं नाही. शब्दांचा काय घोळ होतो, ते तिला चांगलं कळलं होतं.

दुपारचं जेवण गाडीतच झालं. सुगंधी गार पाण्यातला भात, सोबत कोळंबीच्या वाटणाचे तळलेले गोळे आणि गोड मुळा. अंडी होतीच. ऊन उतरता उतरता ते केंग क्राचानच्या तलावापाशी पोचले. पाण्यात निळ्या डोंगरांची उलटी रांग पडली होती. जंगलाच्या नाक्यापाशी रस्त्याकडेच्या ओल्या वाळूवर पिवळी फुलपाखरं पंख मिटून बसली होती. तोंगने गाडी पार लांब थांबवली, त्यांना उडवायचं नाही म्हणून.

"खरंच मीठ पितात?" लामदुआनने विचारलं.

"घामही पितात. हात पुढे कर."

तिने हात पुढे केला. दिवसभराच्या घामाने तो खारट झालेला होता. एक फुलपाखरू आलं, मनगटावर बसलं आणि त्याने आपली केसासारखी सोंड तिच्या कातडीवर ठेवली. तिने श्वास रोखून ते पाहिलं. ते शांतपणे पीत होतं, जसं काही ती एखादा ओढा होती.

तोंगची पिशवी फार मोठी नव्हती. उरलेली अंडी लामदुआनने तिच्यात कोंबली. तो वाकला, तिच्या आणि मावशीच्या पाया पडला आणि नाक्याच्या आडव्या दांड्याखालून पलीकडे गेला. वळून हात केला. मग झाडांनी त्याला झाकलं.

दांड्याशेजारी वनदेवतेचं छोटं घर होतं, खांबावर बसवलेलं, वाळक्या माळा घातलेलं. लामदुआन त्याच्यापुढे उभी राहिली. तिने डोळे मिटले आणि हात जोडले. ओठ हलू लागले.

"दुआन!" चुआन गाडीतून ओरडली. दार उघडून ती लंगडत, पळत आली. "गप्प! एक अक्षर बोलायचं नाही! काय बोलायचं ते आधी मला सांग!"

लामदुआनने सावकाश डोळे उघडले.

"बोललीस?"

लामदुआनने जोडलेले हात खाली घेतले.

"दुआन. कोणाचं नाव घातलंस?"

लामदुआनने बहिणीचा दंड धरला आणि तिला गाडीकडे वळवलं. "चल," ती म्हणाली, "तो गुडघा एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवून घेऊ."